गोळ्या थांबविल्यानंतरची पाळी

गर्भनिरोधक गोळ्या थांबविल्यानंतर पाळी लांबली, की घरात बहुधा दोन तर्क निघतात: दिवस गेले असावेत, किंवा गोळ्यांमुळे वांझपण आले असावे. यांपैकी दुसरा तर्क निराधार आहे. पहिल्याची शहानिशा तपासणीनेच होते.

‘माला-एन’च्या पाकिटात संप्रेरकांच्या 21 आणि लोहाच्या 7 गोळ्या असतात. संप्रेरकांमुळे बीजांडकोशातून स्त्रीबीज सुटत नाही. लोहाच्या गोळ्यांच्या दिवसांत होणारा रक्तस्राव संप्रेरके थांबल्यामुळे होतो. ती नैसर्गिक पाळी नव्हे. म्हणजेच दर 28 दिवसांचा तो नियमितपणा गोळ्यांचा असतो. जिची पाळी मुळात अनियमित होती, तिची ती गोळ्या सोडल्यावर पुन्हा तशीच होण्याचा संभव असतो.

गोळ्या थांबविल्यावर अनेक स्त्रियांना चार ते सहा आठवड्यांत पाळी येते. काहींना तीन महिने लागतात. ‘अंतरा’ इंजेक्शनचा परिणाम अधिक काळ टिकतो. शेवटच्या इंजेक्शननंतर गर्भधारणेस सरासरीने सात ते दहा महिने लागतात. तांबीत संप्रेरके नसल्यामुळे ती काढताच गर्भधारणा शक्य होते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. स्त्रीबीज पाळीच्या सुमारे 14 दिवस आधी सुटते. त्यामुळे गोळ्या सोडल्यानंतर एकही पाळी न येता गर्भ राहू शकतो. ज्यांना मूल नको आहे, त्यांनी पाळीची वाट न पाहता त्याच दिवसापासून दुसरे साधन वापरावे. ज्यांना हवे आहे, त्यांनी रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल घेण्यास आरंभ करावा.

शंका आल्यास सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी करावी. त्यासाठी लागणारा ‘निश्चय’ संच आशा कार्यकर्तीकडे मिळतो. गर्भ नाही असे दिसले आणि तरीही पाळी आली नाही, तर आठवड्याने पुन्हा पाहावे. तीन महिने पाळी न आल्यास डॉक्टरांना दाखवावे. अवटु ग्रंथीचा विकार, बीजांडकोशाचे दोष, वजनातील मोठी घट अथवा मानसिक ताण ही कारणे असू शकतात. पाळी चुकलेली असताना ओटीपोटात एका बाजूस तीव्र वेदना, रक्तस्राव किंवा भोवळ आल्यास गर्भ नलिकेत राहिला असण्याची शक्यता असते. अशा वेळी क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

दोन-तीन महिन्यांच्या विलंबावरून स्त्रीला वांझ ठरविणे हा अज्ञानातून होणारा अन्याय आहे.