रायवळ धरतो त्या वर्षी

पोरी, यंदा परसातला मोठा रायवळ धरलाय असं कळलं. ते झाड एका वर्षी फांद्या वाकतील एवढं लागतं आणि पुढच्या वर्षी नुसती पानं दाखवतं. म्हणून लागलेल्या वर्षाचा आंबा दोन वर्षांचा समजून राखायचा. रायवळाला हापूसचा भाव नाही, पेटीत तो टिकत नाही, म्हणून लोक तो झाडाखालीच कुजू देतात. मला ते बघवत नाही. माझ्या सासूबाईंकडून माझ्याकडे आलं ते आता तुझ्याकडे देते.

सगळ्यात मोठं काम चुलीवरचं नाही, निवडण्याचं आहे. सकाळी ऊन चढायच्या आत झाडाखाली जायचं आणि रात्रभर पडलेलं तिथल्या तिथे निवडायचं. कैरी वेगळी, पिकून पडलेला आंबा वेगळा, फुटलेला वेगळा. फुटलेल्याची सोय त्याच दुपारी लावायची. उद्यावर टाकलास की तो आंबतो आणि शेजारच्यालाही लावतो. ज्याच्या सालीवर टोचल्यासारखे बारीक डाग असतात आणि दाबल्यावर पाणी सुटतं, त्यात फळमाशीची अळी असते. असा आंबा झाडाखाली राहू देऊ नकोस. अळी मातीत उतरते, तिथे कोश करते आणि माशी होऊन पुढच्या आंब्यावर बसते. हातभर खोल खड्डा करून पुरून टाक. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळाही फांदीला टांग, नर माश्या त्यात अडकतात.

वळवाच्या वाऱ्याने पडलेल्या कैऱ्या लोणच्याला घ्यायचा मोह होतो. घेऊ नकोस. आपटलेली कैरी आतून मऊ पडलेली असते, तिचं लोणचं वर्षभर टिकत नाही. लोणच्याला झाडावरून उतरवलेलीच हवी. बाकी लोणच्याचं तुला येतं. बरणीला हिंगाची धुरी द्यायला मात्र विसरू नकोस. पडलेल्या कैरीची आंबोशी करावी. मार लागलेला भाग कापून टाकायचा, साल काढायची, पातळ फोडी करून मीठ लावून रात्रभर ठेवायच्या आणि सकाळी उन्हात घालायच्या. चिरायला स्टीलची सुरी घे, लोखंडी विळीने फोडी काळ्या पडतात. मोडली की कट्कन आवाज झाला पाहिजे, तोवर ऊन चालू. मग पावसाळ्यात आमटीला आंबटाची चिंता नाही.

लहान, आख्ख्या, देठासकटच्या कैऱ्या मिळाल्या तर मिठात घाल. किलोला पाव किलो जाडं मीठ, पाणी उकळून पूर्ण गार केलेलं, आणि वर स्वच्छ धुतलेला दगड. कैरी पाण्याच्या वर आली की बुरशी धरते, म्हणून दगड. आषाढात भाजी मिळत नाही तेव्हा त्यातली एक कैरी, ओलं खोबरं आणि सुकी मिरची वाटायची. त्या चटणीत वेगळं मीठ घालायचं नाही.

आता पिकलेल्याकडे ये. पाड लागला की सगळं झाड पडायची वाट बघू नकोस. झेल्याने टप्प्याटप्प्याने उतरवून घे, देठ थोडा ठेवून, म्हणजे चीक सालीवर ओघळत नाही. भाताच्या पेंढ्यात आढी घाल आणि रोज हात फिरव. पडलेला आंबा या आढीत कधीच नाही.

रायवळाचं खरं मोल त्याच्या रसात आहे. दोरे असतात, खरं. ते चाळणीत राहतात. आंबट-गोड वास आणि पातळपणा, या दोन्हींमुळे साठं घालायला रायवळासारखा आंबा नाही, हापूसचं साठं त्याच्यापुढे मला फिकंच वाटतं. ताटाला तुपाचा हात लाव आणि रसाचा अगदी पातळ थर ओत. रस फार आंबट असेल तर थोडी साखर घाल, साठं लवचीक राहतं. वर पातळ फडकं बांध, माश्यांपासून. पहिला थर बोटाला चिकटेनासा झाला की मगच दुसरा. घाई करून ओल्यावर ओतलं की वरून वाळलेलं दिसतं आणि आतून आंबतं. असे थर चढवत जायचे, मग उलटून दुसरी बाजू वाळवायची. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर मृग लागतो, त्याच्या आधी साठं डब्यात गेलं पाहिजे. पावसाळ्यात उघडीप मिळाली की त्याला एकदा ऊन दाखव.

आभाळ आलं तर साठ्याचा हट्ट सोडून रस आटव. जाड बुडाचं स्टीलचं पातेलं घे. पितळी घ्यायचं तर कल्हई ताजी हवी, नाहीतर आंबट रस कळकतो. लांब दांड्याचा कालथा आणि मनगटापर्यंत फडकं, कारण घट्ट होताना रस उडतो आणि चटका फार वाईट बसतो. गोळा पातेल्याच्या कडा सोडू लागला की झालं.

अगदी लहान, चोखायचे आंबे रसाला पुरत नाहीत. त्यांचं कोयाडं कर. सोलून आख्खे पातेल्यात, गूळ, तिखट, वाटलेलं ओलं खोबरं, वर मोहरी-मेथीची फोडणी. ज्या दिवशी पंधरा माणसं जेवायला असतील त्या दिवशी हेच कर, प्रत्येकाच्या पानात एक आंबा येतो आणि भाताबरोबर दुसरं काही लागत नाही.

रस काढल्यावर साली-बाठे फेकू नकोस. पाण्यात कोळून घेतलेस की जिरं-मिरचीची फोडणी देऊन सार होतं. साली गुरांना चालतात, बाठे मात्र घालू नकोस, गुरांच्या घशात अडकतात. काही बाठे फोडून आतला गर मिठाच्या पाण्यात उकड, काप वाळवून तुपावर परत. तुरटपणा जातो आणि जेवणानंतर खायला छान लागतात.

आणि वाटा पहिल्याच आठवड्यात घाल. झाडावर चढणाऱ्या गड्याला, शेजारच्या घरांना, शाळेच्या मुलांना. आपल्याला नकोसे झाल्यावर दिलेले आंबे घेणाऱ्यालाही नकोसेच होतात. चांगला असतो तेव्हाच दे.

उरलेले बाठे धुऊन सावलीत ठेव आणि जवळच्या रोपवाटिकेत पोचव. हापूसच्या कोयकलमाला खुंट म्हणून रायवळाचीच रोपं लागतात. बाठा महिनाभर पडून राहिला तर उगवत नाही, तेव्हा हे काम आठ दिवसांच्या आत उरकून टाक.