छोट्या विमानातील इंधनाचा हिशेब

इंजिन बंद पडले की विमान दगडासारखे खाली येते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. भूगोलाच्या तासाला नकाशावरील अंतरे मोजता मोजता मी या विषयाकडे वळलो. मला असे दिसून आले की, छोट्या विमानाच्या बाबतीत ही समजूत खरी नाही.

२५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून एकटीने उड्डाण करणाऱ्या एका शिकाऊ वैमानिकेच्या सेसना १५२ विमानाच्या इंजिनाची शक्ती गेली. विमान इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात आदळले. ती मात्र किरकोळ दुखापतीवर बचावली.

या दोन आसनी विमानाचे इंजिन थांबले आणि ताशी सुमारे ११० किलोमीटर वेग राखला, तर एक मीटर खाली येताना ते साधारण नऊ मीटर पुढे जाते. आमच्या आंबिवलीवर ९०० मीटर उंचीवर असे घडले, तर वारा नसताना आठ किलोमीटरचा पल्ला आणि चारेक मिनिटे हाती राहतील. तेवढ्यात कल्याण गाठता येईल. पण तेथे उतरणार कोठे? खाली इमारती, रेल्वेच्या विजेच्या तारा आणि पावसाळ्यात चिखलाने भरलेली भातखाचरे! म्हणून वैमानिकाला क्रम शिकवतात : प्रथम वेग सांभाळा, मग मोकळी जागा हेरा, त्यानंतर इंजिन चालू करून पाहा.

इंजिन थांबण्याची कारणे अनेक असतात. टाकीत पाणी साचते. म्हणून उड्डाणापूर्वी तळाचे थोडे इंधन काढून तपासतात. कोकणासारख्या दमट हवेत, उकाड्यातही, कार्बोरेटरमध्ये बर्फ धरू शकते. परंतु इंधन संपणे हे कारण बहुतेक वेळा हिशेबाने टाळता येते.

हा हिशेब लिटरचा नसून वेळेचा आहे. जुहू ते बारामती सरळ अंतर सुमारे २०० किलोमीटर. ताशी १८० किलोमीटर वेगाने ६७ मिनिटे लागतील. समोरून ताशी ४० किलोमीटरचा वारा आला, तर तीच वाट ८६ मिनिटांची होते. ताशी २३ लिटर खर्च धरल्यास ३३ लिटर प्रवासाला लागतील. आंतरराष्ट्रीय नियमानुसार दिवसा ३० मिनिटांचा राखीव साठा हवा, म्हणजे आणखी साडेअकरा लिटर. जमिनीवर धावण्याचा आणि उंची गाठण्याचा खर्च निराळाच.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला आले, तेव्हा त्यांनीही वाटेत अहमदाबादला इंधन भरले होते. थांबण्याची जागा आधीच ठरलेली होती.

घरातला गॅस संपला तर शेजारी धाव घेता येते. आकाशात शेजार नाही. म्हणून राखीव साठ्याला हात लागण्याची वेळ येताच जवळच्या धावपट्टीवर उतरणे, यात कोणताही कमीपणा नाही, असे मला वाटते.