पाण्यात जगतो, पण पाण्यात रुजत नाही

दलदल म्हटली की पाय रुतणार, कपडे चिखलाने माखणार, हे आलेच. पण अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात एक दलदल अशी आहे, की तिच्या पोटातून तुम्ही कोरड्या पायांनी फिरून येऊ शकता. नॅचेझ ते नॅशव्हिल हा ४४४ मैल लांबीचा एक निसर्गरम्य रस्ता आहे. त्यावरील १२२ व्या मैलाच्या दगडापाशी उतरले, की समोर लाकडी फळ्यांची पायवाट दिसते. ती अर्ध्या मैलाहूनही कमी आहे. भराभर चालणारा माणूस तिला दहा मिनिटांत वळसा घालील. पण पाहणाऱ्याला तासही पुरणार नाही. आज आपण या पायवाटेची सहल कागदावरच करू या.

पहिल्या फळीवरून खाली पाहा. पाणी गढूळ नाही, पण चहासारखे तपकिरी आहे. कुजणाऱ्या पानांतील टॅनिन त्यात उतरले आहे. शेजारून वाहणाऱ्या पर्ल नदीच्या या खोऱ्यात पूर्वी इथे नदीचे पात्र होते. प्रवाहाने ते टाकून दिले आणि मागे हे संथ पाणी उरले. (या पाण्यात अधूनमधून मगरीची चुलत बहीण ॲलिगेटर दिसते, म्हणून फळीवरून खाली उतरायचे नाही!)

आता वर पाहा. पाण्यातून सरळ खांबासारखी उभी राहिलेली ही झाडे दोन जातींची आहेत. रुंद पानांचे ते ट्युपेलो आणि पिसासारख्या नाजूक पानांचे ते टकले सायप्रस. 'टकले' हे नाव थट्टेचे वाटले, तरी त्याला कारण आहे. हा वृक्ष देवदार-चीडप्रमाणे सूचिपर्णी गटातला. त्या गटातली बहुतेक झाडे बारा महिने हिरवी असतात. हा मात्र पानझडीत विटकरी रंगाचा होतो आणि मग पार बोडका! शास्त्रीय नाव टॅक्सोडियम डिस्टिकम. कोकणच्या किनाऱ्यावर आपण ज्याला 'सुरू' म्हणतो त्याच्याशी याचे काही नाते नाही. तो सुरू सपुष्प वनस्पती आहे. दिसायला तेवढा सूचिपर्णी.

झाडांना पाणी हवे असते, मग इतक्या पाण्यात इतर झाडे का नाहीत? एक सोपा प्रयोग करा. दोन डब्यांत वालाची रोपे वाढवा. एका डब्याच्या बुडाला भोके ठेवा. दुसरा बिनभोकाचा डबा मातीच्या वर दोन बोटे पाणी राहील असा सतत भरून ठेवा. काही दिवसांत दुसऱ्या डब्यातील रोपे पिवळी पडून माना टाकू लागतील. भोवती पाणीच पाणी आणि रोपे कोमेजलेली! ती तहानेने नव्हे, गुदमरून मरतात. मुळेही श्वसन करतात आणि त्यांना प्राणवायू लागतो. हवेच्या मानाने पाण्यात प्राणवायू सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. चिखलात जो थोडाबहुत पोहोचतो, तो सूक्ष्मजंतू संपवून टाकतात. भाताचे रोप मात्र अशा चिखलात मजेत वाढते, कारण त्याच्या मुळांत हवेच्या पोकळ्या असतात. कमळाचा देठ आडवा कापून पाहिलात, तर तशाच पोकळ्या नुसत्या डोळ्यांनी दिसतील.

मग सायप्रस काय करतो? पायवाटेच्या दोन्ही बाजूंना पाण्यातून वर आलेले लाकडी सुळके पाहा. वारुळासारखे, कुठे गुडघ्याएवढे, तर काही दलदलींत माणसाहूनही उंच. ते मुळांतूनच वर येतात आणि त्यांना नावही 'गुडघे' असेच आहे. एकोणिसाव्या शतकापासून वनस्पतिशास्त्रज्ञ त्यांच्यापुढे डोके खाजवीत आले आहेत. कोणी म्हणाले, हे झाडाचे नाक. कोणी म्हणाले, मऊ चिखलात झाडाला धरून ठेवणारे नांगर. कोणाला ती पिठूळ अन्नाची कोठारे वाटली. 'नाक' ही कल्पना सर्वांना पटण्याजोगी होती. आपल्या खाडीतील तिवराची श्वसनमुळे तेच काम करतात. ठाण्याच्या खाडीकाठी ओहोटीच्या वेळी चिखलातून पेन्सिलीसारखी उभी असलेली मुळे तुमच्यापैकी काहींनी पाहिली असतील. त्यांवर हवा आत घेणारी बारीक छिद्रे असतात. सायप्रसच्या गुडघ्यांवर मात्र तशी छिद्रे सापडत नाहीत. १९५२ साली तीन शास्त्रज्ञांनी गुडघ्यांतील वायूंची देवाणघेवाण प्रत्यक्ष मोजली आणि मुळांना हवा पुरविण्यात गुडघ्यांचा महत्त्वाचा वाटा दिसत नाही, असे म्हटले. पाठ्यपुस्तके तरीही 'नाक' म्हणतच राहिली! पुढे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत गुडघ्यांमार्फत मुळांच्या आत प्राणवायू पोहोचत असल्याचा पुरावा मिळाला. म्हणजे जुनी कल्पना परत उजेडात आली, पण या वेळी मोजमापाच्या आधारावर. शिक्षकांनी वर्गात हे उदाहरण जरूर सांगावे. पटण्याजोगे असणे आणि सिद्ध झालेले असणे यांत साठ वर्षांचे अंतर पडू शकते.

या झाडांचे वय पाहिले तर आपण थक्क होतो. उत्तर कॅरोलिनातील ब्लॅक नदीच्या दलदलीत एक टकला सायप्रस २०१८ साली किमान २,६२४ वर्षांचा होता. झाड न तोडता, पोकळ गिरमिटाने खोडातून पेन्सिलीएवढी कांडी काढून तिच्यावरील वार्षिक वलये मोजतात. डेव्हिड स्टेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे वय २०१९ साली प्रसिद्ध केले. चांगल्या पावसाच्या वर्षी वलय रुंद, दुष्काळात अरुंद. त्यामुळे झाड म्हणजे पावसाची वहीच. या वहीने इतिहासालाही मदत केली आहे. १५८७ साली रोअनोक बेटावर इंग्रजांची शंभरावर माणसांची वसाहत उतरली. १५९० साली मदत घेऊन जहाज परतले, तेव्हा तेथे कोणीच नव्हते. ती माणसे कुठे गेली हे कोडे अद्याप सुटलेले नाही. पण व्हर्जिनियातील सायप्रसची वलये सांगतात, की १५८७ ते १५८९ हा काळ त्या भागातील आठशे वर्षांतील सर्वांत भीषण दुष्काळाचा होता. हा निष्कर्ष १९९८ साली मांडला गेला.

पुन्हा पायवाटेवर या. शतकानुशतके पाण्यात उभे राहणारे हे झाड पाण्याखाली जन्म मात्र घेऊ शकत नाही! त्याच्या गोल फळांतील बिया पाण्यावर तरंगत दूर जातात, कित्येक महिने पाण्यात राहूनही जिवंत असतात. पण रुजण्यासाठी त्यांना उघडी, ओलसर माती हवी. एखाद्या उन्हाळ्यात पाणी आटले, की तेवढ्या अवधीत बी रुजते. मग रोपट्याची शर्यत सुरू होते. पुढचे पाणी चढण्याच्या आत त्याला शेंडा पुरेसा वर न्यायचा असतो. वाढीच्या दिवसांत शेंडा फार काळ बुडून राहिला, तर रोप मेलेच. म्हणून जिथे धरणामुळे पाणी बारा महिने एकाच पातळीवर राहते, तिथे जुने सायप्रस वर्षानुवर्षे डौलात उभे दिसतात आणि त्यांच्या पायाशी एकही पोर नसते. पाहणाऱ्याला वन निरोगी वाटते.

मिसिसिपीच्या या दलदलीत धोका उलट बाजूने आहे, आणि तो माणसाचा नव्हे. प्रत्येक पुराबरोबर गाळ येतो, पानांचा थर साचतो, तळ उथळ होत जातो. काठावर नीट पाहिलेत तर काळा वाळुंज, सायकॅमोर, तांबडा मेपल ही कमी पाणी मागणारी झाडे दिसतील. सायप्रसची रोपे उन्हावाचून नीट वाढत नाहीत. या नव्या झाडांच्या दाट सावलीत ती मागे पडतात. काही शतकांनी इथे पाणी नसेल आणि या फळ्यांची गरजही उरणार नाही. तोवर नदीने आणखी कुठे पात्र टाकले असेल, तर एखाद्या कोरड्या उन्हाळ्यात तिथे वाहत आलेली सायप्रसची बी रुजलेली असेल.