कण्याची इजा आणि क्रीडेची वाट

ताडावरून पाय निसटतो, बांधकामाच्या परांचीवरून तोल जातो किंवा महामार्गावर दुचाकी घसरते; आणि कालपर्यंत घराचा आधार असलेला माणूस अंथरुणाला खिळतो. पालघर जिल्ह्यात ताडीचा व्यवसाय, बांधकाम आणि बोईसर-तारापूर औद्योगिक क्षेत्रातील मजुरी यांवर अनेक कुटुंबे अवलंबून आहेत. म्हणून हा प्रश्न येथील पंचायतींना व शाळांना परका मानता येणार नाही.

मज्जारज्जू हा मेंदू व शरीर यांमधील संदेशवहनाचा मार्ग होय. तो ज्या पातळीवर दुखावतो, तिच्याखालील हालचाल व संवेदना अंशतः वा पूर्णतः नाहीशी होते. यास्तव पडलेल्या माणसास हातपाय धरून उचलू नये. मान व पाठ सरळ ठेवून फळीवरून न्यावे. पुढे शय्याव्रण व मूत्रमार्गाचा संसर्ग यांपासून त्यास जपावे लागते. परंतु शरीर सावरले तरी ‘आता मी कोणाच्या उपयोगाचा?’ हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाचे उत्तर डॉ. लुडविग गुटमन यांनी क्रीडेत शोधले. इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल रुग्णालयात १९४४ साली त्यांनी मज्जारज्जू-रुग्णांचा विभाग सुरू केला. १९४८ साली तेथे चाकाच्या खुर्चीवरील १६ धनुर्धरांची स्पर्धा झाली. त्या रोपट्यातूनच १९६० ची रोम येथील पहिली पॅरालिंपिक स्पर्धा उभी राहिली.

महाराष्ट्राला याचे उदाहरण दूर शोधावयास नको. सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे श्री. मुरलीकांत पेटकर हे सैन्यातील मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, कण्याला इजा झाली व कमरेखालील शरीर लुळे पडले. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले. पाणी शरीराचा भार पेलते. पाय निकामी असले तरी खांदे व हात पुढे नेतात. १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर मुक्त शैलीत ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम नोंदवून त्यांनी भारताला पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले. ऑलिंपिकमधील वैयक्तिक सुवर्णासाठी देशाला २००८ पर्यंत थांबावे लागले. श्री. पेटकरांच्या वाट्याला पद्मश्री मात्र २०१८ साली आली. गुणांची ओळख पटण्यास समाज किती विलंब लावतो, हेही यातून शिकण्यासारखे आहे.

प्रत्येकजण पदक मिळवील असे नव्हे, आणि तशी अपेक्षाही नको. क्रीडेचा खरा लाभ असा की, सकाळी उठण्यास कारण मिळते, सोबती मिळतात, आणि ‘काय गेले’ यापेक्षा ‘काय उरले’ याकडे लक्ष वळते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३० नुसार दिव्यांगांचा क्रीडेतील सहभाग साधणे हे शासनाचे कर्तव्य आहे. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. त्यातून मैदानाला उतार बांधता येईल, बसून खेळण्याचे साहित्य घेता येईल. कॅरम, टेबल टेनिस, बसून गोळाफेक यांना फार जागा लागत नाही. वैद्यकीय सल्ला मात्र आधी घ्यावा, आणि अंगावर जखम असताना पाण्यात उतरू देऊ नये.

पुढील ग्रामसभेपूर्वी सदस्यांनी व शिक्षकांनी एवढेच पाहावे : आपल्या पाड्यावर असा कोणी घरात पडून आहे काय? असल्यास त्यास सहानुभूतीचे शब्द ऐकवून परतू नये. मैदानावर येण्याचे आमंत्रण द्यावे, आणि तेथवर पोहोचण्याची वाटही करून द्यावी.