बाग भाड्याने देताना

सातारा,
मे अखेर

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला कराराचा मसुदा वाचला. भाडं, डिपॉझिट, वीजबिल, रंगकाम, गाडी कुठे लावायची, सगळं नीट आलं आहे. बागेच्या वाट्याला मात्र एकच ओळ आली आहे: ‘बागेची संपूर्ण देखभाल भाडेकरूने स्वखर्चाने करावी.’ कोथरूडच्या त्या बंगल्याभोवती जुना आंबा आहे, दोन नारळ आहेत, सोनचाफा आहे, मोगरा-जास्वंदीची रांग आहे, हिरवळीचा तुकडा आहे आणि रस्त्याच्या बाजूला दगडी कुंपण आहे. एवढं सगळं त्या ‘संपूर्ण’ शब्दात कोंबून तू मोकळा झालास. अशी ओळ पुण्यातल्या बहुतेक करारांत असते, म्हणून ती तुला निरुपद्रवी वाटली असेल. मला ती अन्यायाची वाटते, आणि त्याहून वाईट म्हणजे कुचकामाची. रोजची निगा राहणाऱ्याने घ्यावी. जे त्याच्या मुक्कामापेक्षा जास्त जगणार आहे त्याचा भार मालकाने उचलावा. ही रेघ तुलाच कागदावर ओढावी लागेल, कारण कायद्याने ती पुरती ओढलेली नाही.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 108 प्रमाणे भाडेपट्ट्याने घेणाऱ्याने जागा जशी मिळाली तशी राखायची आणि जाताना तशीच परत करायची. नेहमीची झीज आणि माणसाच्या हाताबाहेरची आपत्ती यांना तेवढी सूट. पण हे कलमच ‘वेगळा करार किंवा स्थानिक वहिवाट नसेल तर’ अशा अटीने सुरू होतं. शिवाय तू करतोयस तो भाडेपट्टा नव्हे, तो अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स. त्याची व्याख्या त्याच वर्षीच्या सुविधाधिकार कायद्यात आहे, आणि त्यात राहणाऱ्याला जागेत कसलाही हक्क मिळत नाही, फक्त वापरण्याची मुभा मिळते. महाराष्ट्राचा 1999 चा भाडे नियंत्रण कायदा ‘जागा’ या शब्दात इमारतीला लागून असलेली बाग आणि अंगणही धरतो. म्हणजे बाग कायद्याला माहीत आहे. त्याच कायद्याचं कलम 14 जागा राहण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी, उलट लेखी करार नसेल तर, मालकावर टाकतं. पण ते भाडेकरूसाठी आहे, अकरा महिन्यांच्या लायसन्सवाल्याला त्याचा थेट आधार नाही. राहता राहिला तुमचा कागद. आणि कलम 55 प्रमाणे तो लेखी आणि नोंदणी केलेला नसेल, तर अटींबद्दल राहणारा सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध करण्याची जबाबदारी तुझी. तेव्हा जे काही ठरेल ते नोंदणीपूर्वी ठरू दे.

‘जशी मिळाली तशी परत करावी’ हे वाक्य भिंतीला लागू पडतं, बागेला पडत नाही. भिंतीला कोणी हात लावला नाही तर ती वर्षभराने साधारण तशीच असते. बागेला वर्षभर कोणी हात लावला नाही तर ती बाग राहत नाही, आणि हात लावला तरी ती तशीच राहत नाही. मार्चमधली पिवळी पडलेली हिरवळ आणि ऑगस्टमधली गुडघाभर वाढलेली हिरवळ यांतली ‘मिळाली तशी’ कोणती? जुना गुलाब पाचव्या वर्षी मेला तर ती झीज की हयगय? न्यायालयापुढे हे प्रश्न गेलेच तर साक्षीपुराव्यात दोघांचीही वर्षं जातील. म्हणून बागेच्या बाबतीत स्थितीचं वचन मागण्यात अर्थ नाही, कामाचं मागावं.

यावर तू म्हणशील की केंद्राने 2021 मध्ये आणलेल्या आदर्श भाडेकरार कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात तर बाग आणि मोकळ्या जागेची देखभाल सरळ भाडेकरूच्या यादीत आहे. आहे, खरं आहे. पण तो नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही, आणि आपल्याकडे अजून 1999 चाच कायदा चालतो. ते बाजूला ठेव आणि परिशिष्ट अख्खं वाच. नळाचे वॉशर, बटणं, कड्या-कुलपं, तुंबलेलं गटार हे भाडेकरूकडे. बांधकामाची दुरुस्ती, पाइप बदलणं, वायरिंग हे मालकाकडे. रोजच्या वापराने बिघडणारं एकीकडे, घराच्या आयुष्याशी बांधलेलं दुसरीकडे. हाच न्याय बागेला लावला तर झाडून घेणं, पाणी घालणं, तण काढणं राहणाऱ्याचं आणि आंबा, नारळ, कुंपण, जमिनीखालची नळी तुझी. त्या परिशिष्टाने बागेचे असे दोन भाग केले नाहीत ही त्याची उणीव. ती तुझ्या करारात उतरवू नकोस.

झाडांच्या बाबतीत तर ‘संपूर्ण देखभाल’ भाडेकरूला करताच येणार नाही. 1975 च्या महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रातल्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे स्वतःच्या अंगणातलं झाड असलं तरी वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि तोडण्यात जाळणं, कापणं, कोणत्याही प्रकारे इजा करणं हे सगळं येतं. मोठ्या फांद्या उतरवायच्या तरी महापालिकेच्या उद्यान विभागात अर्ज आलाच. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं. तुमचा आंबा त्या वयाच्या आसपास असेल, तेव्हा त्याच्या बाबतीत दुप्पट जपून. अर्ज मालकाने करायचा, मालकी तुझ्या नावावर, आणि झावळी शेजारच्या गाडीवर पडली तर शेजारी आधी तुलाच फोन करणार. दुसऱ्या बाजूने पाहा: कलम 108 च्या ‘ओ’ खंडात भाडेकरूने झाडं तोडू वा विकू नयेत असं आहे, आणि भाडे नियंत्रण कायद्यात त्या खंडाचा भंग हे जागा खाली करून घेण्याचं कारण आहे. एकीकडे हात लावू नको म्हणायचं आणि दुसरीकडे पूर्ण सांभाळ म्हणायचं, हे कायद्याच्या जाणकाराला पाहताक्षणी खटकेल.

कायद्याशिवायही एक कारण आहे, आणि मला ते जास्त वजनदार वाटतं. अकरा महिन्यांनी जाणारा माणूस मोगऱ्याला पाणी घालेल, कारण उन्हाळ्यातली फुलं त्याच्याच उशाशी येतील. तो आंब्याच्या आळ्यात शेणखत टाकणार नाही. बुंध्याला चढलेल्या वाळवीवर पैसे खर्च करणार नाही. उंच जातीच्या नारळाला पहिलं फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. मेलेल्या नारळाच्या जागी रोप लावायला तो वेडा आहे का? यात त्याचा स्वभाव वाईट नाही. ज्याला फळ मिळायचं नाही त्याच्याकडून गुंतवणूक मागितली तर ती होत नाही, एवढंच. करारात कितीही दरडावून लिहिलंस तरी ते काम राहूनच जाईल, आणि तुला ते तीन भाडेकरूंनंतर कळेल.

मात्र ही रेघ कायम एका जागी राहत नाही, आणि खरी भांडणं तिथेच होतात. दगडी कुंपणाच्या फटीत पक्ष्याच्या विष्ठेतून पिंपळाचं बी पडतं. जुलैत दोन पानं फुटलेलं ते रोप दोन बोटांनी उपटता येतं. ते काम राहणाऱ्याचं, त्यासाठी मालकाला बोलावणं हास्यास्पद. दोन पावसाळे गेले की मूळ दगडांच्या आत शिरतं आणि मग कुंपण उकलावं लागतं. ते काम नक्कीच मालकाचं. मधल्या काळात ते कोणाचं? माझं उत्तर असं: राहणाऱ्याने पाहिलं आणि लेखी कळवलं, व्हॉट्सॲपवर फोटो टाकला तरी चालेल, की त्या घटकेपासून ते मालकाचं. कळवलंच नाही, तर वाढलेल्या खर्चाचा रास्त वाटा त्याचा. फुटलेल्या ठिबकनळीला, झुकलेल्या फांदीला, आंब्याच्या खोडातून पडणाऱ्या भुश्शाला हाच नियम. तू बंगळूरला बसून बाग पाहू शकत नाहीस, तो पाहू शकतो. त्यामुळे त्याच्याकडून श्रमापेक्षा खबर मागणं तुझ्या जास्त फायद्याचं आहे, आणि ते त्याच्या ऐपतीतलंही आहे.

आता पैसे. माळी तूच ठेव, त्याचा पगार तूच दे, आणि हवं तर तेवढं भाडं वाढव. भाडं जास्त दिसलं तर लोक येणार नाहीत, ही तुझी शंका मला कळते. पण तू जाहिरातीत पहिला फोटो बागेचाच टाकला आहेस. बागेमुळे जास्त भाडं घ्यायचं आणि ती जिवंत ठेवण्याचा खर्च गुपचूप दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा, हे हिशेबाला धरून नाही. खर्च भाड्यात उघड दिसला तर भाडेकरू निदान तुलना करू शकतो. माळी तुझा माणूस म्हणून तो कधीही फाटक उघडून आत येईल असं मात्र होऊ देऊ नकोस. वार आणि वेळ लिही. दिलेल्या घरात मालकाच्या वतीने कोणी केव्हाही डोकावणं कोणालाच आवडत नाही, अंगणात तर नाहीच.

पाण्याचं स्पष्ट लिही. बोअरवेलच्या पंपाला वेगळा मीटर घे, म्हणजे बिलावरून तंटा होणार नाही. उन्हाळ्यात पाणीकपात आली तर आधी हिरवळ सोडून द्यायची, मग हंगामी फुलझाडं. लहान रोपांना आणि आंब्याला शेवटपर्यंत पाणी. सुकलेल्या हिरवळीसाठी कोणाकडूनही पैसे मागायचे नाहीत. साचलेलं पाणी मात्र बिनशर्त राहणाऱ्याचं काम. डेंग्यूचा डास कुंडीखालच्या थाळीत, करवंटीत, रिकाम्या डब्यात वाढतो, आणि अंड्याचा डास व्हायला आठवडा ते दहा दिवस पुरतात. महिन्यातून दोनदा येणारा माळी त्याला पुरा पडणार नाही.

डिपॉझिटमधून कापून घेऊ, हा तुझा बेत मी शेवटचा उपाय म्हणून मान्य करते. कशासाठी कापता येईल ते आधी लिही: वाफ्यावर गाडी घातली, विचारल्याशिवाय फांद्या तोडल्या, तणनाशक मारून मोगरा जाळला. एखादं झाड नुसतं मेलं म्हणून कापू नकोस. किल्ली देताना झाडांची यादी, बुंध्याचा घेर आणि फोटो करारासोबत जोड, दोघांच्या सह्या. त्याने जमिनीत काही लावलं तर ते कोणाचं, हेही ठरव. भाडेपट्टेदाराला जाण्यापूर्वी जमिनीशी जोडलेल्या वस्तू काढून नेता येतात आणि 1882 च्या कायद्यात मुळं धरलेली झाडंझुडपंही त्यात येतात. तुझ्या लायसन्सवाल्यालाही तेवढं औदार्य दाखव, खड्डा बुजवण्याच्या अटीवर. आणि आंबे पूर्ण त्याचे असं लिहून टाक. पेटीभर आंब्यांवरून घरमालक-भाडेकरूंनी बोलणं सोडावं, हा प्रकार आपल्याकडे जरा जास्तच होतो.

इतकी कटकट असेल तर सरळ पेव्हर ब्लॉक घालतो, असं तू फोनवर म्हणालास. घालू शकतोस, कोणी अडवणार नाही. पण पावसाचं पाणी जमिनीत मुरायचं थांबेल, आणि त्याच अंगणातल्या बोअरवेलवर तुझी भिस्त आहे. मुळांची हवाही बंद होईल. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीत झाडांच्या बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं ते याच कारणाने. आंबा वाळला की पुन्हा वृक्ष प्राधिकरणाचा अर्ज, आणि तो अर्जही तूच करायचा. कटकट संपणार नाही, पुढच्या वर्षांवर ढकलली जाईल.

मसुद्यातली ती ओळ काढून वरच्या गोष्टी साध्या मराठीत लिही आणि ऑनलाइन नोंदणीआधी भाडेकरूला वाचायला दे. त्याने काही बदल सुचवले तर मला दाखव. पाऊस तोंडावर आला आहे. नारळाच्या वाळक्या झावळ्या आणि सुटलेले नारळ तो राहायला येण्यापूर्वी उतरवून घे, तेवढं काम तुझ्याच खात्यात.

सौ. ला व मुलांना आशीर्वाद.

तुझी,
आत्या