श्रमदान एका दिवसाचे नको

प्रश्न : चाकणच्या आमच्या कारखान्यात कामगारांनी जवळच्या जिल्हा परिषद शाळेत श्रमदान करायचे ठरते आहे. श्रमदानाचे हे तास सीएसआर (कंपनीची सामाजिक जबाबदारी) खर्चात धरता येतील का? सुरुवात कशी करावी? – एक वाचक, चाकण

उत्तर : बेत फार चांगला आहे. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 135 नुसार पात्र कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते. त्यात स्थानिक परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो. मात्र कर्मचाऱ्यांच्या सेवेचे पैशांत मोल करून ते या खर्चात दाखवता येत नाही. खर्च आणि श्रम यांचा हिशेब वेगळा ठेवा.

आधी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीला भेटा. भिंती रंगवण्याआधी त्यांना काय हवे ते विचारा. कदाचित नळदुरुस्ती हवी असेल, कदाचित गणिताची शिकवणी. तुमच्याकडे फिटर, इलेक्ट्रिशियन आहेत. त्यांचे कसब हीच खरी देणगी. श्रमदान ऐच्छिक असावे, शक्यतो पगारी वेळेत. आणि एक दिवस शंभर माणसे नेण्यापेक्षा दर महिन्याला तीच पाच माणसे पाठवा. मुले त्यांची वाट पाहू लागतील, तेव्हा काम रुजले असे समजा.