संचलनात बँडपथकाची जागा

तालुका क्रीडास्पर्धांचे उद्घाटन असो वा १ मे रोजीचे ध्वजवंदन, शाळांची पथके व्यासपीठासमोरून मानवंदना देत जाऊ लागली की बँडपथक ही समारंभाची शोभा होय, असा प्रेक्षकांचा समज होतो. वस्तुतः त्याचे मुख्य कार्य निराळे आहे. मोठ्या ढोलाचा जोरकस ठोका डाव्या पावलावर पडतो आणि त्या एका ठोक्याच्या आधारे शेकडो पावले एकत्र पडतात. हा ढोल व झांज युरोपीय सैन्यांनी अठराव्या शतकात तुर्की सैन्याच्या वादकांकडून घेतली.

जलद संचलनाचा रूढ वेग मिनिटाला १२० पावले, म्हणजे प्रत्येक पावलास अर्धा सेकंद. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणून १७० मीटर दूर असलेल्या पथकाला ठोका एक संपूर्ण पाऊल उशिरा ऐकू येतो. पुढच्यांचा उजवा पाय टेकत असता मागच्यांचा डावा टेकतो, आणि दोघेही आपापल्या परीने ताल अचूक पाळत असतात! ४०० मीटरची प्रमाणित धावपट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत दीडशे मीटरहून अधिक भरते. बँडपथक एका वळणालगत उभे केले, तर पलीकडच्या वळणावरील मुलांची पावले चुकणारच. त्याबद्दल बोल मात्र मुलांना लावला जातो, हा अन्याय आहे.

बँडपथक मैदानाच्या मध्यभागी उभे करणे इष्ट. तेथून धावपट्टीची सर्वांत दूरची कडाही नव्वद मीटरांच्या आत राहते आणि उरलेला फरक पथक व्यासपीठासमोर येईपर्यंत बराच कमी होतो. दिल्लीत कर्तव्य पथावर २६ जानेवारीच्या लांबलचक संचलनात पथकांच्या मधून मधून निरनिराळी बँडपथके चालतात, ती केवळ वैविध्यासाठी नव्हेत.

दुसरा दोष वेगाचा. उत्साहाच्या भरात ढोलवादक ताल वाढवितो आणि पाचवीतील मुले धावू लागतात. सैनिकी पाऊल ३० इंचांचे असते. ते या वयाला झेपत नाही. मुलांसाठी पाऊल आखूड ठेवावे, ताल तोच राहू द्यावा. मिनिटाला १२० पावले म्हणजे डाव्या पावलाचे ठोके ६०, अर्थात सेकंदाला एक. शिक्षकाने सेकंदकाट्याचे घड्याळ समोर ठेवून सराव घेतला म्हणजे पुरे.

शर्यती सुरू होताच वाद्ये खाली ठेवावीत, कारण धावपटूंना सुरुवातीचा इशारा स्पष्ट ऐकू यावा लागतो. समारोपाला राष्ट्रगीताचे पूर्ण वादन सुमारे ५२ सेकंदांचे असते. त्याच्या सरावालाही तेच घड्याळ उपयोगी पडते.